पतंगांची नोंदवही

डोळे सर्वांस असतात. परंतु पाहिलेले बरोबर लिहून ठेवण्याची सवय फार थोड्यांस असते. ही सवय लागण्यास एक सुलभ साधन आहे. ते म्हणजे रात्रीच्या पतंगांची नोंद ठेवणारे मंडळ. असे मंडळ भिवंडीत निघावे, आणि आमच्या विद्यार्थ्यांनी त्यात सामील व्हावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फुलपाखरांचे कौतुक सर्व जण करितात. दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या त्यांच्या भावंडांस मात्र आपण केरसुणीने झाडून टाकितो. वास्तविक भारतात फुलपाखरांच्या सुमारे १,३०० जाती असतील, तर पतंगांच्या १०,००० हून अधिक आहेत. त्यांचा आमच्या संसाराशी संबंधही मोठा आहे. मागावर पोट भरणाऱ्या या गावास सांगावयास नको की, रेशमाचा धागा पतंगाच्या अळीने आपल्या कोशासाठी काढिलेला असतो. भंडारा-गडचिरोलीकडील टसर तर रानातल्या ऐनाच्या झाडावर वाढलेल्या अळ्यांची देणगी होय. उलटपक्षी, भाताचा गाभा पोखरणारा खोडकिडा हीही पतंगाचीच अळी. कित्येक पतंग रात्री उमलणाऱ्या फुलांचे पराग वाहतात, आणि त्यांच्या अळ्यांवर पाखरांची पिले पोसतात. मित्र कोण व वैरी कोण, हे ओळख पटल्यावाचून कसे ठरवावे?

कोणी म्हणेल, हे काम एकट्यास करिता येईल. मंडळ कशास पाहिजे? त्यास मुंबईचे उदाहरण पुरे आहे. १८८३ साली आठ गृहस्थांनी एकत्र येऊन मुंबईची निसर्ग-इतिहास संस्था स्थापिली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. एकाने पाहिलेले दुसऱ्यास दाखवावे, हा त्यांचा साधा हेतू. त्यातून देशभर मान्यता पावलेली संस्था उभी राहिली. एकट्याची चूक तशीच राहते, मंडळात ती दुसऱ्याच्या ध्यानी येते.

पालकांची शंका निराळी असते. परीक्षेच्या दिवसांत ही जागरणे कशाला, असे ते विचारितात. परंतु महिन्यातून एक सायंकाळ, दोन तास, घराच्या अंगणात किंवा गच्चीवर, वडील माणसांच्या देखत, इतकेच आम्ही मागतो. एक पांढरी चादर दोरीवर टांगावी, समोर दिवा लावावा, आणि जे येऊन बसेल त्याचे छायाचित्र मोबाईलवर घ्यावे. दिनांक, वेळ, ठिकाण व पाऊस होता की नव्हता, हे वहीत लिहावे. पतंगास मारू नये. काम होताच दिवा मालवावा, म्हणजे तो आपल्या वाटेने जाईल. नाव ठाऊक नसेल तर ती जागा कोरी सोडावी, अंदाजाने भरू नये. हा प्रामाणिकपणा गणिताच्या वहीतही उपयोगी पडेल.

या कामास विलंब न करण्याचे कारण आहे. भिवंडीभोवतालच्या भातशेतांच्या जागी गोदामे उभी राहत आहेत, आणि तेथे रात्रभर प्रखर दिवे जळतात. त्यामुळे कोणत्या जाती विरळ झाल्या व कोणत्या टिकल्या, हे उद्या विचारले असता उत्तर देण्यास जुनी नोंद हवी. ती आज कोणी लिहिली नाही, तर पुढे कितीही विद्वान आला तरी त्यास ती निर्माण करिता येणार नाही.

२०१२ साली अमेरिकेत पतंग-सप्ताह सुरू झाला. आता तो जुलैच्या अखेरीस अनेक देशांत पाळितात, भारतातही पाळितात. आमच्याकडे ते भर पावसाचे दिवस. येत्या जुलैत निदान दहा घरांच्या अंगणात चादरी टांगल्या जाव्यात, आणि त्या दहा वह्या शाळेत एकत्र व्हाव्यात. पालकहो, त्या सायंकाळी मुलांस झोपावयास सांगू नका. त्यांच्याजवळ येऊन बसा.