एका आखाड्यावरची दोन कुत्री

चाकूर तालुक्याचे नाव ज्या गोष्टींमुळे दूरवर पोहोचले आहे, त्यांत जानवळच्या कारवानी कुत्र्याचा समावेश अवश्य करावा लागतो. उंच पाय, खोल छाती, आत गेलेले पोट आणि लांबट मुख असा हा प्राणी वासापेक्षा दृष्टीच्या बळावर सावजाचा पाठलाग करतो. त्यातील ज्याच्या कान-शेपटीवर मऊ लांब केस असतात त्यास पश्मी म्हणतात. कर्नाटकातील मुधोळचा कुत्रा हा त्याचाच जवळचा भाऊबंद होय. अशा कुत्र्याचा अभिमान आपणांस वाटावा हे योग्यच आहे. परंतु अभिमानाने पाळलेला प्राणी नीट सांभाळला जातोच असे नाही. आखाड्यावर एक कुत्रा असेतोवर सर्व काही सुरळीत चालते. दुसरा आणला, तो वयात आला, की एके दिवशी भाकरीच्या तुकड्यावरून जुंपते आणि पुढे ती गोष्ट नित्याची होऊन बसते.

हा विषय कृषिविषयक मासिकात कशास, असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर असे की, रात्री गोठ्याची व उभ्या पिकाची राखण ज्याच्यावर सोपवून आपण निजतो, तो प्राणीही शेतीच्या लवाजम्यातलाच आहे. शिवाय या भांडणात केवळ कुत्र्याचेच रक्त सांडते असे नाही. सोडवावयास धावलेल्या सालगड्याचा हात फाटतो, अंगणात खेळणारे मूल मध्ये सापडते, आणि कुत्र्यास लस टोचलेली नसेल तर त्या एका चाव्याबरोबर घरावर मरणाचे सावट येते. एवढे झाल्यावर मालक काय करतो? दोहोंपैकी एकास पोत्यात घालून दहा कोसांवर सोडून देतो. पाळलेल्या प्राण्यास असे उपाशी मरावयास टाकणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. आणि कायदा बाजूस ठेवला तरी, ज्याने आपले दार राखले त्यास अशी बिदागी देणे कुणब्याच्या रीतीस शोभत नाही.

या बाबतीत आपल्याकडे दोन समजुती रूढ आहेत, व आमच्या मते दोन्ही घातक आहेत. पहिली ही की, त्यांना एकदाचे लढू द्यावे, थोरला कोण ते ठरले की आपोआप शांत होतील. दुसरी ही की, दोघांनाही काठीने बडवावे, म्हणजे मालकाचा धाक बसेल. या दोन्ही समजुतींना एकेकाळी शास्त्राचाही आधार मिळाल्यासारखे झाले होते. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या स्विस शास्त्रज्ञाने कोंडून ठेवलेल्या लांडग्यांच्या कळपाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. एकमेकांशी नाते नसलेले लांडगे एका आवारात घातले असता त्यांच्यात वर्चस्वासाठी झुंज चालते, असे त्यात दिसून आले. त्यावरून कळपाचा एक राजा असतो, सबब मालकाने कुत्र्यांचा राजा व्हावे, असा सिद्धांत पसरला. पुढे डेव्हिड मेक या अमेरिकन संशोधकाने रानातील मोकळ्या लांडग्यांचा दीर्घकाळ अभ्यास करून १९९९ साली दाखवून दिले की, रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप व पिले असे कुटुंबच असते. तेथे सिंहासनासाठी रोज लढाई होत नाही. लढाई होते ती कोंडलेल्या, परक्या व ज्यांना दूर निघून जाण्यास वाट नाही अशा जनावरांत. आता आपला आखाडा, त्यावरील दोन खुंटे आणि दोन साखळ्या डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हा दृष्टांत आपणांस किती लागू पडतो ते कळेल.

काठीचे म्हणाल तर तिने भांडण मिटत नाही, केवळ त्याची पूर्वसूचना बंद होते. गुरगुरणे हा कुत्र्याचा इशारा आहे. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा पुढे न गुरगुरता एकदम दात लावतो. शिवाय दुसरा कुत्रा जवळ आला की आपणांस मार बसतो, एवढेच त्याच्या मनात ठसते, आणि त्या दुसऱ्याविषयीचा द्वेष अधिकच वाढतो.

मग भांडणाचे मूळ कशात असते? बहुतेक वेळा ते मालकाच्या व्यवस्थेत असते. आपण दोन बैलांस एका गव्हाणीत मोकळे सोडून वैरण टाकीत नाही. मारका बैल कोणाशेजारी बांधावा याचाही विचार करतो. तीच अक्कल कुत्र्याच्या बाबतीत मात्र आपण गहाण टाकतो, आणि उरलेसुरले अन्न एका टोपल्यातून दोघांपुढे ओततो. अन्न, बसावयाची थंड जागा, मालकाची जवळीक व माजावर आलेली मादी ही भांडणाची नेहमीची कारणे होत. यांखेरीज एक छुपे कारण आहे. साखळीला बांधलेली दोन कुत्री बांधापलीकडून जाणाऱ्या परक्या कुत्र्यावर चवताळतात. तो हाती लागत नाही, तेव्हा तो सारा राग शेजारच्यावर निघतो. कारवानीच्या बाबतीत याचा विचार विशेष केला पाहिजे. हा धावण्यासाठीच घडलेला प्राणी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा-हरणांची शिकार बंद केली, व ती योग्यच बंद झाली; परंतु शिकार गेली तरी त्याच्या पायांतली धाव गेली नाही. दिवसभर बांधलेला कारवानी म्हणजे कोंडलेली वाफ समजावी. सकाळ-संध्याकाळ त्यास पोटभर दौड मिळाली, तर निम्मी कुरापत तेथेच जिरते.

जोडी कोणती निवडावी हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी एकाच घरात भांडणाऱ्या कुत्र्यांच्या ३८ जोड्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. त्यांत दहांपैकी सुमारे आठ जोड्या एकाच लिंगाच्या होत्या, आणि माद्यांचा वाटा मोठा होता. कुरापत काढणारा बहुधा वयाने लहान व घरात मागाहून आलेला असे. आपल्याकडे नर तेवढा भांडखोर व मादी गरीब, असे मानून दोन माद्या निर्धास्तपणे पाळतात. तो भ्रम सोडावा. तसेच एकाच वेताची दोन पिले जोडीने नेण्याची हौस अनेकांस असते. ती लहानपणी गोड दिसतात, परंतु एक ते तीन वर्षांच्या दरम्यान दोन्ही एकदमच वयात येतात आणि बरोबरीचे वैर सुरू होते. दुसरा कुत्रा हवाच असेल तर तो भिन्न लिंगाचा असावा, पहिल्याच्या वयात व त्याच्या वयात दोन-तीन वर्षांचे अंतर असावे, आणि नको असलेल्या वेतांची जबाबदारी आधीच उरकावी. जानवळच्या व इतर गावांच्या कुत्रे-पाळकांनी एका घरी एकाच वेताची दोन पिले देण्याचे नाकारावे, अशी आमची त्यांस विनंती आहे. त्यात चार पैशांचा तोटा दिसला तरी जातीचा लौकिक राहील.

नित्याच्या व्यवस्थेचे नियम थोडे आहेत. दोघांस एकाच वेळी, परंतु एकमेकांच्या दृष्टीआड, वेगवेगळ्या भांड्यांत खावयास घालावे व खाणे होताच भांडी उचलावीत. प्रत्येकास स्वतःची सावली, स्वतःचे पाणी आणि माघार घेण्यास वाट असावी. मादी माजावर आली अथवा व्यायली की तिची जागा वेगळी करावी. मालक शेतावरून येताच दोघे अंगावर झेपावतात, ती वेळ धोक्याची असते. जो शांत बसेल त्यालाच हात लावावयाचा, असा परिपाठ ठेवावा. एरवी शांत असलेला कुत्रा एकाएकी चिडखोर झाला तर त्यास कानदुखी, सांधेदुखी वा जखम आहे काय हे पशुवैद्याकडून पाहून घ्यावे. आणि स्वभाव अगदीच पालटला असेल तर पिसाळण्याचा संशय मनात धरून त्यापासून दूर राहावे.

प्रत्यक्ष झुंज लागली असता मध्ये हात घालू नये. त्या वेळी कुत्र्यास धनी ओळखू येत नाही. बादलीभर पाणी तोंडावर फेकावे, अथवा फळी किंवा पत्रा दोघांमध्ये सारावा. दोन माणसे असतील तर प्रत्येकाने एकेकाचे मागचे पाय धरून त्यास मागे ओढावे व लगेच आडोशास न्यावे. सुळ्याची जखम वरून बारीक व आत खोल असते, म्हणून रक्त थांबले एवढ्यावर समाधान मानू नये. माणसास दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना असले काही भरू नये. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. पिसाळरोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मनुष्य वाचणे जवळजवळ अशक्य असते. त्यापूर्वी योग्य उपचार घेतले तर तो वाचतो.

भांडलेल्या जोडीस पुन्हा एकत्र आणावयाचे ते घाईने नव्हे. काही दिवस दोघांस पूर्ण वेगळे ठेवावे. मग दोन माणसांनी दोघांस वेगवेगळ्या दोरीने धरून मोकळ्या रानात, मध्ये भरपूर अंतर राखून, एकाच दिशेने चालवावे. एकाने दुसऱ्याकडे पाहूनही शांतता राखली की लगेच खाऊ द्यावा. अंतर रोज थोडे थोडे कमी करावे, आणि कोणी ताठरला की पुन्हा वाढवावे. मुसके घालावयाचे तर ते जाळीचे असावे. कारण कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकूनच अंगाची उष्णता घालवितो, व आपल्या उन्हाळ्यात तोंड आवळून बांधणे म्हणजे त्याचा जीव घेणे होय. एवढे करूनही वैर मिटत नसेल, तर कायमचे वेगळे ठेवावे किंवा खरा स्वभाव सांगून एकास चांगल्या घरी द्यावे. यात कमीपणा काहीच नाही.

निर्बीजीकरणाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्यामुळे नरांची मादीवरून होणारी भांडणे पुष्कळ कमी होतात; परंतु सवयीने जडलेले वैर त्याने जाईल, किंवा दोन माद्यांचे वितुष्ट मिटेल, अशी खात्री देता येत नाही. उत्तम वंशाच्या निवडक जोड्या राखून बाकीच्यांचे निर्बीजीकरण केल्याने कारवानीची जात बुडेल, ही भीतीही निराधार आहे. जात बुडते ती वाटेल तसे वेत काढून पिले रस्त्यावर सोडल्याने. २०२३ च्या नियमांनी पाळीव कुत्र्याच्या लसीकरणाची व निर्बीजीकरणाची जबाबदारी मालकावरच ठेविली आहे. तथापि एकट्यादुकट्या शेतकऱ्यास ते जड जाते. यासाठी आपल्या शेतकरी संघाने पुढाकार घेऊन, उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे साहाय्य मागून, तालुक्यात वर्षातून एकदा असे शिबिर भरवावे, अशी आमची सूचना आहे. पेरणीपूर्वी बियाणे तपासण्याची चर्चा ज्या बैठकीत होते, त्याच बैठकीत हा ठराव यावयास हरकत नसावी. तोपर्यंत प्रत्येकाने आज सायंकाळी एवढे तरी करावे: आपल्या दोन कुत्र्यांपुढे दोन भांडी ठेवावीत, आणि ती एकमेकांपासून दूर ठेवावीत.