तुमचं ‘व्हेज’ नक्की कुठलं?

‘मी व्हेज आहे’ एवढं सांगून हल्ली भागत नाही. ऑफिसचं लंच टेबल बघा. एकाला दूध-दही चालतं, अंडं नाही. दुसरी अंडं खाते, पण फक्त केकमधलं! तिसऱ्याचा चातुर्मासात कांदा-लसूण बंद. आणि चौथी नुकतीच व्हीगन झालीये, त्यामुळे वरणभातावरच्या तुपालाही तिचा टाटा-बाय बाय. चौघंही स्वतःला व्हेजच म्हणवतात.

पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचं मात्र स्वतःचं गणित आहे. आपल्याकडच्या नियमांत दूध व्हेज आणि अंडं नॉनव्हेज. व्हीगन पदार्थांसाठी २०२२च्या नियमांनी वेगळं चिन्ह आणलं. पण चिन्ह बघून डाएट ठरत नाही. ते ठरतं तुमचा डबा कोण भरतं यावर.

घरचा डबा असेल तर दूध-दहीवालं व्हेज सगळ्यात सोपं. आईला नवीन काही समजावावं लागत नाही! फक्त प्रोटीन मोजा. साधारण ६० किलो वजनाला दिवसाला ५० ग्रॅम लागतं आणि वाटीभर घट्ट वरणातून मिळतं जेमतेम ६-७ ग्रॅम. मेसमधलं पाणीदार वरण तर सोडूनच द्या. म्हणजे उसळ, दही, मूठभर शेंगदाणे हे रोज हवंच. पोळी आणि बटाट्याच्या भाजीवर दिवस काढणं हे डाएट नव्हे, उपासमारच.

एकटे राहत असाल तर अंड्यासारखा दोस्त नाही. पाच मिनिटांत तयार आणि एकातून ६ ग्रॅम प्रोटीन. अडचण येते ती घरमालकाकडून. पुण्या-मुंबईत ‘ओन्ली व्हेज’ फ्लॅट ढिगाने आहेत. त्या व्हेजमध्ये अंडं बसतं का, हे डिपॉझिट देण्याआधीच विचारून घ्या. ऑम्लेटचा वास जिन्यात पोचल्यावर ती चर्चा फार गोड होत नाही.

आता व्हीगन. हे काहीतरी फॉरेनचं, महागडं फॅड आहे असं आपल्याला वाटतं. बदामाचं दूध आणि टोफू रोजच घ्यायचं म्हटलं तर खिशाला चाट बसतेच. पण ज्वारीची भाकरी, तेलातलं पिठलं, भरलं वांगं, मटकीची उसळ, कांदेपोहे... यात दूध-तूप कुठे आहे? आपलं अर्धं स्वयंपाकघर न सांगता व्हीगन आहे. अडतं ते चहापाशी. दिवसाला चार कटिंग मारणाऱ्याने आधी कोरा चहा आठवडाभर पिऊन बघावा, मग व्हीगन झाल्याची घोषणा करावी.

आणि एका बाबतीत ‘चलता है’ अजिबात नको. बी-१२. हे जीवनसत्त्व भाज्या, डाळी, फळं यांतून मिळत नाही. दूध आणि अंड्यात थोडं असतं. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०४ जणांची तपासणी केली होती. २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जवळपास निम्म्या लोकांत बी-१२ कमी निघालं. म्हणजे दूध पितो म्हणून आपण सेफ, असं समजू नका. थकवा, हातापायाला मुंग्या, विसरभोळेपणा... आपण सगळं डेडलाइनवर ढकलतो. पण कमतरता फार काळ राहिली तर नसांचं नुकसान कायमचं होऊ शकतं. आंबवलेल्या इडलीतून किंवा शेवाळाच्या गोळ्यांतून बी-१२ मिळतं, या ऐकीव गोष्टींवर विसंबू नका. व्हीगन झालात तर सप्लिमेंट लागणारच. बाकीच्यांनीही एकदा ब्लड टेस्ट करावी आणि डोस डॉक्टरांना ठरवू द्यावा.

जाता जाता लोहाचं. जेवल्या जेवल्या चहा नको, त्याने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. त्यापेक्षा उसळीवर लिंबू पिळा.

ट्रायल घ्यायची तर श्रावण आहेच. महिनाभर निवडलेलं डाएट पाळा, पण त्याची परीक्षा सोमवारी घेऊ नका. सोमवारी सगळेच शहाणे असतात. गुरुवारी रात्री साडेनऊला घरी पोचाल, तेव्हा फ्रीज उघडून बघा. मोड आलेली मटकी दिसली तर व्हीगन व्हायला हरकत नाही. नुसता ब्रेड आणि सॉसची बाटली असेल तर अंडी आणून ठेवा. घरमालकाला चालत नसतील तर दही.