आकडा होण्याचा अधिकार

‘माणसाचा आकडा झाला’ हे आमच्या साहित्यव्यवहारातले फार लाडके वाक्य आहे. जनगणना असो, रेशनकार्ड असो वा रुग्णालयातला केसपेपर असो, हे वाक्य उच्चारले की समीक्षेचे निम्मे काम उरकते. कर्करोगाविषयीची आत्मकथने शिकवताना आम्हीही ते वर्गात वापरले आहे. आता ते मागे घ्यावे, असे आम्हांस वाटते.

ज्या नोंदवहीवर हा आरोप होतो ती आधी नीट पाहावी. भारतातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत सुरू केली. १९८१ साली आयसीएमआरने राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम आखला आणि १९८७ साली बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. नोंदणीचे कर्मचारी रुग्णालये, पॅथॉलॉजी लॅब आणि मृत्युनोंदीची कार्यालये पालथी घालतात. नाव, वय, पत्ता, शिक्षण, रोगाचे स्थान आणि प्रकार उतरवून घेतात. नाव लागते ते एकच बाई दोन रुग्णालयांत गेली म्हणून दोनदा मोजली जाऊ नये यासाठी. प्रसिद्ध होणाऱ्या अहवालात ते नसते. बार्शीत तर कार्यकर्ते खेडोपाडी गेले, लोकांना लक्षणे समजावून सांगू लागले. पाळी गेल्यावरही अंगावरून जाणारे रक्त ज्या घरात दडवायचे असते, तिथे नोंद होण्याआधी त्याविषयी कोणाशी तरी बोलावे लागते. नोंदवहीने ते बोलणे घडवले. त्याला अमानुष म्हणणे आम्हांस जमत नाही.

खरा अन्याय न मोजले जाण्यात आहे. २०२० च्या राष्ट्रीय अहवालात २८ लोकसंख्याधारित नोंदण्यांची माहिती होती. त्यांच्या कक्षेत देशाची सुमारे १० टक्केच लोकसंख्या येत होती. शिवाय अशी नोंदणी तिच्या क्षेत्रात किमान एक वर्ष राहिलेल्या माणसाचीच होते. रोगाचे प्रमाण त्या वस्तीच्या लोकसंख्येशी ताडायचे असल्याने हा नियम शास्त्राला धरूनच आहे. परंतु दूरच्या जिल्ह्यातून उपचारासाठी मुंबईला येऊन परळच्या पदपथावर मुक्काम करणारा रुग्ण मुंबईच्या दरात धरला जात नाही आणि त्याच्या जिल्ह्यात नोंदणीच नसेल तर तिथल्या दरातही नाही. रुग्णालयाच्या नोंदवहीत तो असतो. त्याच्या गावी किती जण आजारी पडतात, हे मात्र तिच्यावरून कळत नाही. अशा जिल्ह्याने उपचारकेंद्र मागावे ते कोणत्या आधारावर?

यावर आमचे मित्र संमतीचा प्रश्न काढतील. काढावाच. नोंदणीसाठी प्रत्येक रुग्णाची परवानगी घेतली जात नाही. ती सक्तीची केली तर मेलेले, अतिगंभीर आणि गावी परतलेले रुग्ण आधी गळतील आणि उरलेला हिशेब खोटा ठरेल. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही संशोधन व सांख्यिकीसाठी अटींसह सूट दिली आहे. आम्हांस ही सूट मान्य आहे. मात्र न विचारता घेतलेल्या वस्तूचे ऋण विचारून घेतलेल्या वस्तूहून मोठे असते.

ते ऋण फेडले जाते काय? उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ निरोगी स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणी एकदाच झालेल्या गटात या रोगाने ३४ स्त्रिया मेल्या; ज्या गटाला तपासणी न देता केवळ माहिती दिली होती, त्या किंचित लहान गटात ६४. हे मृत्यू मोजता आले ते कर्करोग नोंदणीमुळे. तपासणीविना ठेवलेल्या त्या गटावरून पुढे नैतिकतेचा वाद झाला आणि तो रास्त होता. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीला प्राधान्य देण्याची शिफारस केली. ज्या देशाच्या बायकांनी पुरावा पुरवला, त्या देशाच्या २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत मात्र अ‍ॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याचीच पद्धत होती. त्या ६४ जणींचा आकडा झाला, याचे दुःख करणाऱ्यांनी तो आकडा कोणाच्या उपयोगी पडला, हेही विचारायला हवे होते.

आमची मागणी साधी आहे. नोंदणीच्या अर्जात मातृभाषेचा एक रकाना असतो. राष्ट्रीय अहवाल मात्र इंग्रजीत निघतो. भाषा विचारून घेणाऱ्याने त्या भाषेत उत्तरही द्यावे. धाराशिव, बीड, बार्शी येथील नोंदींचा सार मराठीत, ग्रामसभेत वाचला जावा. कोणती चाचणी कोठे मिळते, हे त्यात असावे. आणि या कामासाठी मराठीची माणसे लागतील तेव्हा आम्ही, मराठी शिकवणारे, हजर असावे. आकड्यांविषयी हळहळण्यापेक्षा ते वाचून दाखवणे आम्हांला अधिक शोभेल.