शहरांचे अनुदान आणि शहरांची मिळकत

मागासलेल्या भागांना सरकारी तिजोरीतून जादा पैसा द्यावा, या तत्त्वाविषयी महाराष्ट्रात आता फारसा वाद उरलेला नाही. वाद होतो तो वाटा किती आणि कोणाला, याविषयी. शहरांच्या बाबतीत त्याहून महत्त्वाचा प्रश्न मात्र आपण नीट विचारलेलाही नाही. शहराला अनुदान द्यायचे ते रस्ते, गटारे, पाणी आणि दिवे यांसाठी, असा आपला पक्का समज आहे. त्या रस्त्याने कामावर जाणाऱ्या माणसाला शहरात काम राहिले आहे की नाही, ही गोष्ट अनुदानाच्या कक्षेबाहेरची मानली जाते.

सोलापूरचेच पाहा. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने स्मार्ट सिटी योजनेतील पहिली वीस शहरे जाहीर केली, त्यांत सोलापूर होते. गिरण्यांचे भोंगे थांबल्यानंतर या शहराच्या वाट्याला अशा बातम्या क्वचितच आल्या होत्या. योजनेची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. उजनीहून येणाऱ्या समांतर जलवाहिनीला तिच्यातून पैसा मिळाला, रस्ते झाले. ही कामे अनावश्यक होती असे कोणीही म्हणणार नाही. तथापि योजनेच्या उद्दिष्टांत आर्थिक वाढीचा उच्चार असला, तरी मूलभूत सोयींच्या तिच्या यादीत पाणी, वीज, स्वच्छता, वाहतूक, घरे, संगणकीकरण हे सारे होते आणि रोजगार नव्हता. ज्या शहराची चूल चादर, टॉवेल आणि विडी यांवर पेटते, त्याच्या विकासाचा आराखडा त्या चुलीची विचारपूस न करता होऊ शकतो, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे. सोलापूरचा शिकलेला मुलगा हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जातो तो पुण्याचे रस्ते चांगले आहेत म्हणून नव्हे.

हा दोष नवा नाही. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ साली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि पुढच्याच वर्षी तिने सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष काढून दाखवला. रस्ते, पाटबंधारे, खेड्यांचे विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य अशा बाबी तिने जिल्हावार मोजल्या. भावनेऐवजी आकड्याने बोलण्याची ती शिस्त आदरणीयच होती. पण जिल्हा हे एकक धरल्याबरोबर शहर त्यात विरघळून गेले आणि बंद पडलेल्या गिरणीचा अनुशेष कोणत्याच रकान्यात बसेना. पुढे १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली. त्यांच्याही चर्चेचा कणा अनुशेष हाच राहिला. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली, तोवर शहरातील रोजगाराचा रकाना उघडला गेला नव्हता. १९६४ पासून चालत आलेली सामूहिक प्रोत्साहन योजना उद्योगासाठी होती हे खरे. परंतु तिचा भर नव्या भांडवलावर आणि नव्या कारखान्यावर. भर वस्तीत, पत्र्याच्या शेडमध्ये चार माग चालवणाऱ्याला तिचा उपयोग किती होणार?

केंद्राला हे एकेकाळी सुचले होते. लहान व मध्यम शहरांच्या एकात्मिक विकासाची योजना १९७९–८० साली सुरू झाली, ती याच विचाराने की अशा गावांत बाजार, औद्योगिक गाळे, रोजगार निर्माण झाला तर महानगरांकडे जाणारा लोंढा थोपवता येईल. पैसा तुटपुंजा होता. २००५ साली ती दुसऱ्या योजनेत विलीन झाली आणि तिथे पुन्हा पाणी, रस्ते, मलनिस्सारण यांनाच प्राधान्य मिळाले.

त्याहून मोठी गोष्ट घडली ती जकातीच्या बाबतीत. जकात वाईट होती. नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागत, चिरीमिरी चाले आणि व्यापारी वैतागत. ती गेली याचे दुःख कोणी करू नये. नगरपालिकांची जकात १९९९ साली गेली. महापालिकांत तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ च्या ऑगस्टपासून बहुतांश व्यापाऱ्यांपुरता रद्द झाला. आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर मुंबईची जकातही संपली. त्या बदल्यात राज्य सरकार महापालिकांना भरपाई देऊ लागले, दरवर्षी ८ टक्के वाढीच्या हिशेबाने. व्यवस्था उदार दिसते. पण जकातीत एक गुण होता. शहराचा व्यापार वाढला की महापालिकेची तिजोरी भरे, मंदावला की तिला चटका बसे. आता माग चालोत वा बंद पडोत, भरपाईचा आकडा तोच. आपल्या शहरातील धंद्याशी महापालिकेचा उरलासुरला संबंध मालमत्ता कराच्या बिलापुरता राहिला आहे. वस्तुतः ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत तिसरीच बाब ‘आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन’ ही आहे. काम घटनेत लिहिले आहे. त्यासाठी लागणारा पैसा आणि आस्था मात्र काढून घेतली गेली. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांहून लहान शहरांना अनुदान दिले, त्यातलेही ६० टक्के पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधलेले होते.

तेव्हा मागणी करायची ती आणखी एका योजनेची नव्हे. त्या त्या शहरातून राज्याला मिळणाऱ्या वस्तू व सेवा कराचा ठरावीक अंश, लहानसा का होईना, हक्काने त्या शहराकडे परत यावा आणि तो स्थानिक उद्योगांच्या सामाईक गरजांवरच खर्च व्हावा. इचलकरंजीच्या प्रोसेसर्सचे सांडपाणी पंचगंगेत जाते म्हणून सगळेच त्यांना दोष देतात. पण प्रत्येक लहान कारखान्याने स्वतंत्र शुद्धीकरण केंद्र उभारावे हे व्यवहार्य नाही. रास्त दरात सुताचा साठा, कापडाची चाचणी, कारागिराच्या मुलाला नवा माग शिकवणारी शाळा ही कामेही एकट्या मागवाल्याच्या आवाक्याबाहेरची आहेत.

नगरसेवकांच्या हाती असा पैसा दिला तर त्याची गटारेच होतील, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांची शंका निराधार नाही. परंतु स्मार्ट सिटीसाठी महापालिकेला बाजूला सारून कंपन्या स्थापन केल्या गेल्या आणि २०२२ नंतर अनेक महापालिकांचा कारभार काही वर्षे प्रशासकांनीच पाहिला. त्या काळात शहरांतील धंदे उर्जितावस्थेला आल्याचे दिसले नाही. निधीवर देखरेख ठेवण्यासाठी मागमालक आणि कामगार या दोघांच्याही प्रतिनिधींची समिती असावी, आणि किती काँक्रीट ओतले याऐवजी किती माग चालू राहिले व मजुरीचा दर काय होता, याचा वार्षिक तक्ता तिने सभागृहापुढे ठेवावा.

आरंभ करायचा तर सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव आणि भिवंडी या चार यंत्रमागाच्या महापालिकांपासून करावा. भिवंडीचे नाव ऐकून काही भुवया उंचावतील, कारण ती ठाणे जिल्ह्यात, मुंबईच्या कुशीत आहे. जिल्ह्याच्या सरासरीने ती कधीच मागास ठरणार नाही. म्हणूनच या निधीपुरता जिल्ह्याचा निकष बाजूला ठेवून शहर हेच एकक मानावे लागेल.