ओळखीचा माणूस

बरेच दिवसांत इकडे फिरकले नाही. कारण ठाणे. म्हणजे माहेरचं घर. म्हणजे खरं तर माहेरचं बाथरूम आणि स्वयंपाकाचा ओटा. आपले नातेवाईक हे वाचतात याची पूर्ण कल्पना आहे, त्यामुळे आधीच सांगून टाकते की हा लेख कुणावर राग काढायला नाही. (मामा, खरंच नाही. तू चांगल्या मनानेच नंबर दिला होतास.)

तर झालं असं. आमची बिल्डिंग १९८६ची. बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा ठरवलं की भारतीय पद्धतीचा संडास काढून कमोड बसवायचा, बाथरूमचा उंबरठा काढायचा आणि त्याच खर्चात जमलं तर आईचा कडाप्प्याचा ओटाही बदलायचा. मग आपण सगळे करतो तेच केलं. "कुणी ओळखीचा आहे का?" म्हणून विचारत सुटलो. ओळखीचा मिळाला. गोड बोलणारा, आल्या आल्या आईच्या पाया पडणारा. एका कागदावर एकच ओळ लिहून दिली: "बाथरूम, संडास व ओटा काम पूर्ण, ३,४०,०००". बाबांनी १,७०,००० रोख दिले. पावती नाही.

हे मला कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. कारण बाबांनी एसटीच्या डेपोतल्या स्टोअरमध्ये उभी नोकरी काढली आहे. एक नट दिला तरी समोरच्याची सही घेतल्याशिवाय तो काउंटरच्या बाहेर जात नसे. आम्ही लहानपणी त्यावरून त्यांची चेष्टा करायचो. तेच बाबा घरच्या कामात म्हणाले, "अगं, मामाच्या ओळखीचा आहे, त्याच्याकडे पावती कशी मागायची?"

पुढचं थोडक्यात सांगते, कारण लिहितानाही त्रास होतो. बाथरूम बारा दिवसांत चकचकीत झालं. ओटा फोडून झाला. आणि तिसऱ्या आठवड्यात खालच्या काकू वर आल्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छतातून थेंब पडत होते, नेमके गॅसच्या वर. फोन केला तर "उद्या येतो". मग "गावाला आलोय". मग रिंग वाजत राहायची. आई तीन महिने हॉलमधल्या टेबलावर शेगडी ठेवून स्वयंपाक करत होती. पैशांपेक्षा वाईट काय वाटलं सांगू? बाबा गप्प झाले. जिन्यात खालच्या काकू दिसल्या की ते परत घरात येऊन थांबायचे.

म्हणून माझं मत आता पक्कं झालंय. ओळखीचा माणूस आणि विश्वासाचा माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट ओळखीमुळे आपण जे प्रश्न एखाद्या अनोळखी माणसाला सहज विचारले असते, तेच गिळतो. आणि "ओळखीचा" म्हणजे तरी काय? मामाच्या ऑफिसातल्या कुणाचं तरी रंगकाम त्याने केलं होतं. रंग देणं आणि पाणी अडवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे हो!

दुसऱ्या खेपेला मी सुट्टी काढून ठाण्यात जाऊन बसले. तिघांना बोलावलं. तिघांनाही एकच प्रश्न विचारला: "तुमचं कुठलं काम बिघडलं होतं, आणि मग तुम्ही काय केलंत?" पहिला म्हणाला, "मॅडम, आपलं काम कधी बिघडतच नाही." दुसऱ्याने मजूर हल्ली कसे मिळत नाहीत यावर वीस मिनिटं भाषण दिलं. तिसरा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, मुलुंडला एका ठिकाणी टाइल्स पोकळ बसल्या होत्या, स्वतःच्या खर्चाने निम्मी भिंत परत काढावी लागली, त्या बाईंचा नंबर देतो, त्या अजून माझ्यावर थोड्या चिडून आहेत. मी फोन केला. बाई खरंच चिडून होत्या :) पण म्हणाल्या, "काम मात्र पुरं करून गेला."

नवीन काम दाखवायला सगळेच तयार असतात. नवीन टाइल्स कुणाच्याही हातून छानच दिसतात. बघायचं ते दोन पावसाळे झालेलं काम. दाराची चौकट खालून फुगलीय का, खिडकीच्या कडेला ओल आहे का, टाइलवर नाण्याने टकटक केलं तर आवाज भरीव येतो की पोकळ. आणि नहाणी ट्रॅपकडे पाणी आपलं आपण जातं, की खराट्याने ढकलावं लागतं. (बाबांनी त्या घरी जाऊन चक्क बादलीभर पाणी ओतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरमालक मात्र खूश.)

कोटेशनचं सांगायचं तर आकडे होते ३,१०,०००, ३,८५,००० आणि ४,३०,०००. पहिल्या नजरेला स्वस्त तेच बरं वाटतं. पण स्वस्त कागदात वॉटरप्रूफिंगचा उल्लेखच नव्हता, डेब्रिज उचलणं नव्हतं, पाइप कोणते तेही नव्हतं. "ते काय, बघून घेऊ." हे 'बघून घेऊ' नंतर आपल्यालाच बघावं लागतं! आमच्या या तिसऱ्याने, म्हणजे ३,८५,०००वाल्याने, दोन पानं लिहून दिली. जुना कोबा स्लॅबपर्यंत काढणार, वॉटरप्रूफिंग करून ४८ तास पाणी भरून ठेवणार, खालच्या काकूंचं छत कोरडं राहिलं तरच टाइल्स. भिंतीत पाइप टाकल्यावर प्रेशर लावून तपासणार, आणि भिंत बुजवायच्या आधी फोटो काढून देणार, म्हणजे उद्या खिळा ठोकताना पाइप कुठून गेलाय ते कळेल. हॉल आणि स्वयंपाकघरातली भिंत पाडायची आईची फार इच्छा होती. पहिला गोड माणूस म्हणाला होता, "एका दिवसात उडवतो." हा म्हणाला, "आधी सोसायटीचं पत्र आणि स्ट्रक्चरल इंजिनियरचं मत आणा, त्याशिवाय मी हातोडा लावणार नाही." भिंत अजून उभी आहे. आई त्याच्यावर थोडी नाराज आहे. माझा विश्वास मात्र तिथेच बसला. स्वतःचं काम कमी होत असताना नाही म्हणणारा माणूस!

त्याचीही बाजू आहे बरं का. तो म्हणाला, लोक शेवटचे पैसे बुडवतात म्हणून आम्ही आधी जास्त मागतो. खरं असणार. मग मधला मार्ग काढला. सामान आम्ही बाबांच्या नावाने बिल घेऊन आणायचं, त्याला मजुरीचे हप्ते टप्प्याटप्प्याने, झालेल्या कामावर. आणि एकूण रकमेच्या दहा टक्के सहा महिन्यांनी. 'बिनबिलाचं केलं तर १८ टक्के जीएसटी वाचेल' हा मोह आम्हालाही झाला होता. पण कायद्याचं गणित असं आहे की रेरामध्ये (२०१६) नवीन घराच्या बांधकामातल्या दोषांसाठी बिल्डर ताब्यानंतर ५ वर्षं बांधील असतो, घरातल्या घरात डागडुजी करणाऱ्यावर तसं बंधन नाही. ग्राहक संरक्षण कायदा (२०१९) आहे, जिल्हा आयोगाकडे जाता येतं, पण तिथे दाखवणार काय? पहिल्या वेळी आमच्याकडे एक ओळ लिहिलेला कागद होता, त्यावर सहीसुद्धा नव्हती. बाबा तक्रार करायला तयार झालेच नाहीत.

बाबांनी एक शंभर पानी वही आणली, तीन रकाने आखले: तारीख, काय झालं, सही. कॉन्ट्रॅक्टर रोज संध्याकाळी निमूट सही करायचा. मध्येच आईने "आता एवढं केलंच आहे तर" म्हणून एक जादा कप्पा आणि दोन प्लग पॉइंट काढायला लावले, त्याचे १२,००० वेगळे लिहिले, आईची सही घेऊन! (आई म्हणाली, "मी पण सही करायची?" बाबा म्हणाले, "स्टोअरचा नियम आहे.") पाणी भरलं त्या दोन दिवसांत बाबा पाच वेळा खाली गेले, काकूंच्या छताला हात लावून आले. पाचव्या वेळी काकूंनी चहाच केला.

काम एप्रिलमध्ये संपलं. शेवटचे ३८,५०० ऑक्टोबरमध्ये द्यायचे आहेत. बाहेरच्या पाइपचे जोड आणि खिडकीची कड पावसात कळते, म्हणून. परवा फोन केला तेव्हा ठाण्यात सकाळपासून कोसळत होता. बाबा म्हणाले, "कोरडं आहे." मग म्हणाले, "पाकीट आत्ताच भरून ठेवलंय. पावती पण लिहून ठेवलीय, तो आला की फक्त सही."