चारित्र्याला डाग, तरीही नायक

गुप्तहेरकथांचे वेड आपल्याकडे जुने आहे. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि कॉनन डॉयलचा शेरलॉक होम्स यांनी अनेक घरांत रात्री जागवल्या. होम्सलाही व्यसन होते. पण खुनी सापडला की जगाची विस्कटलेली घडी पुन्हा नीट बसे. मग दारू पिणारा, खोटे बोलणारा, भागीदाराच्या बायकोशी संबंध ठेवणारा गुप्तहेर वाचकाला का भावावा? कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या हाती तो द्यावा का? माझ्या मते, अवश्य द्यावा.

अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. चोरट्या दारूच्या पैशाने अनेक शहरांत गुंड, पोलीस आणि पुढारी यांचे साटेलोटे जमले. डॅशिएल हॅमेटने ‘ब्लॅक मास्क’ या स्वस्त मासिकातून याच दुनियेच्या कथा लिहिल्या. पिंकर्टन या खासगी हेरसंस्थेत नोकरी केल्याने गुन्हेगारी त्याने जवळून पाहिली होती.

त्याच्या ‘द माल्टीज फाल्कन’ (१९३०) या कादंबरीचा नायक सॅम स्पेड. त्याच्या भागीदाराचा खून होतो. भागीदाराबद्दल त्याला फारशी आपुलकी नाही. खून करणाऱ्या स्त्रीत मात्र तो गुंतला आहे. तरीही तो तिला पोलिसांच्या हवाली करतो. यात स्वतःची मान सोडवण्याचा हिशेब आहे, तशीच भागीदाराच्या खुनाकडे डोळेझाक करायची नाही, ही धंद्याची आणही आहे. त्याबद्दल त्याला मिळते काय? त्याची विश्वासू सेक्रेटरीही शेवटी त्याच्यापासून अंग चोरते.

रेमंड चँडलरच्या ‘द बिग स्लीप’मध्ये (१९३९) फिलिप मार्लो रोजचे २५ डॉलर आणि वरखर्च घेऊन लॉस एंजेलिसच्या एका धनिक घराण्याची पापे शोधतो. सत्य हाती आल्यावर मात्र ते आजारी, वृद्ध अशिलापासून लपवतो. शहर होते तसेच राहते.

देवमाणूस सरळ वागला यात नवल काय? ज्याला मोह पडतो, त्याने ऐन वेळी एक रेघ ओलांडायला नकार दिला, तर त्याची किंमत मोठी. या कथांतील स्त्रिया बहुधा मोहिनी तरी असतात किंवा बळी तरी, हा आक्षेप मला मान्य आहे. तो मुलांपुढे मोकळेपणाने मांडावा. पण पुस्तक लपवू नये. सुविचारांच्या फळ्यावरची माणसे मुलांना शाळेत भेटतातच. कचेरीत, बाजारात आणि घरातही त्यांची गाठ पडणार आहे ती अर्धवट चांगल्या माणसांशी. अशा माणसांकडून आणि स्वतःकडूनही किमान कशाची अपेक्षा धरावी, हे स्पेडच्या सहवासात उमजू लागते.