गावात नसल्याचा दाखला

माणूस हजर असल्याचा पुरावा देणे सोपे. मास्तरांनी नाव पुकारले की 'हजर!' म्हणायचे. पण आपण हजर नव्हतो, हे कसे सिद्ध करायचे? एवढी वर्षे हे मला कोणी शिकवले नव्हते. आता एक नोटीस शिकवते आहे.

झाले असे, की लोणखेड्याच्या उसात वाढलेला मी साखरेचा केमिस्ट म्हणून केनियातल्या एका कारखान्यात गेलो. २८ सप्टेंबरच्या रात्री मुंबईला पासपोर्टवर शिक्का बसला. विमान उडाले साडेबाराला, म्हणजे २९ तारखेला! मार्चअखेरपर्यंत इकडे फिरकलो नाही. आता १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम ६ काय म्हणते? नोकरीसाठी परदेशी गेलेला माणूस त्या वर्षात १८२ दिवस भारतात असला, तर तो रहिवासी. (२०२५ च्या नव्या कायद्यानेही हे १८२ सोडलेले नाहीत.) १ एप्रिलपासून बोटे मोजा. २८ सप्टेंबरला १८१ भरतात, २९ ला १८२. त्या अर्ध्या तासापायी माझा केनियातला पगार इथल्या करात! तिथे भरलेला कर वजा मिळतो म्हणे, पण त्यालाही तिथले कागद हवेत, आणि वरचा फरक भरायचाच. त्या पगाराची पाइपलाइन शेतात पुरून बसलोय. ती उकरून देऊ?

शिक्का आहे हो, पण शाई अशी फराटलेली की शेवटचा आकडा डावीकडून आठ दिसतो, उजवीकडून नऊ.

ओळखीच्या एका ग्रामसेवकाला विचारले. तो म्हणाला, "काका, रहिवासी दाखला लगेच देतो. रहिवासी नसल्याचा फॉर्मच नाही. त्यातल्या त्यात जवळचा म्हणजे मृत्यूचा." दूधवाले आप्पा मात्र बिचारे वही घेऊन आले. २९ तारखेपासून आमचे दूध अर्ध्या लिटरने कमी झालेले! "भाऊ, तू ते गावमा व्हताच नही!" अख्ख्या गावाला ठाऊक आहे, फक्त नोटीस काढणाऱ्याला नाही.

माझा राग इथेच आहे. शिक्का मारणारा माणूस सरकारचा, शाई सरकारची, कोण कधी गेला याची नोंदही सरकारच्याच संगणकात. तो शिक्का गृहखात्याचा आणि कर अर्थखात्याचा, एवढाच काय तो फरक. ही दोन्ही खाती वर्षानुवर्षे दिल्लीच्या नॉर्थ ब्लॉकमध्ये एकाच छपराखाली बसत होती. एकाने चहाला जाता जाता दुसऱ्याला विचारले असते, तर भागले असते. ते राहिले, आणि त्यांची वही त्यांना वाचून दाखवायला नेमला कोण, तर मी! बरे, निघायचा दिवस मोजायचा की नाही, यावर खुद्द जाणकारांत वाद. त्यांनी वाद घालावा, मी पुरावा द्यावा.

काल रात्री उत्तर लिहून काढले. पासपोर्टची प्रत, कारखान्याचे पत्र आणि आप्पांची वही जोडली. खाली 'ठिकाण' लिहायला पेन टेकवले, तोच ही मागून म्हणाली, "लोणखेडा लिहू नका हो. परत मोजायला लागतील."